तबलीचं लाकूड

माझे वडील मेंडोलिन वाजवत. पोटापाण्यासाठी साखर कारखान्यात टाइमकीपरची नोकरी, आणि संध्याकाळी मेंडोलिन. साठ-सत्तरच्या दशकांत आमच्या सांगली-कोल्हापूर भागात ऑर्केस्ट्रांना बरे दिवस होते. गणपतीच्या दहा दिवसांत वडील घरी फक्त आंघोळीपुरते येत, असं आई अजून सांगते. वाद्य कलकत्त्याहून मागवलेलं, एका महिन्याचा पूर्ण पगार घालून. आमच्या घरात देवघराखालोखाल सोवळं त्या पेटीला होतं. आम्हा भावंडांना हात लावायची परवानगी नव्हती.

वडील गेले त्याला नऊ वर्षं झाली. बऱ्याच दिवसांनी पेटी उघडली तेव्हा मेंडोलिनचं पोट आत गेलेलं दिसलं. घोडीखालची पाटी खचली होती, घोडी खाली बसली होती आणि तारा पडद्यांवर टेकल्या होत्या. छेडलं की सुराऐवजी खरखर येई. मी निवृत्त शिक्षक. पस्तीस वर्षं शाळेत भौतिकशास्त्र शिकवलेलं, आणि सुतारकामाचा थोडा नाद. वरची पाटी बदलायला असा काय वेळ लागतो, असं म्हणून मी कामाला हात घातला. त्याला चार वर्षं लागली. त्या चार वर्षांत लाकूड या पदार्थाविषयी जे समजलं, ते इथे मांडतो.

सतार-तानपुऱ्याच्या भोपळ्यावर जी लाकडी पाटी बसवतात तिला मिरजेचे कारागीर ‘तबली’ म्हणतात. मेंडोलिनच्या वरच्या पाटीलाही मी तोच शब्द वापरणार आहे.

*

तबली नेमकं काय करते? ताणलेली तार एकटी फार कमी आवाज करते. ती इतकी बारीक असते की हवेला कापत जाते, ढकलत नाही. घोडीवाटे तारेचं कंपन तबलीत उतरतं, आणि तबली रुंद असल्यामुळे ती हवा ढकलू शकते. आपण ऐकतो तो आवाज बहुतांशी तबलीचा आणि आतल्या पोकळीतल्या हवेचा असतो. मेंडोलिनच्या चार जोड्या, म्हणजे आठ तारा, व्हायोलिनसारख्याच लावतात. पण व्हायोलिनच्या तारेला गज सतत शक्ती पुरवत असतो. मेंडोलिनच्या तारेला नखीचा एक आघात मिळतो, आणि तेवढ्या शिदोरीवर तिला जायचं असतं. म्हणून स्वर लांबवायचा असेल तर वादक नखी भराभर खालीवर चालवतो. ‘दिलवाले दुल्हनिया ले जाएंगे’मधली ती सर्वतोमुखी झालेली धून आठवली तर मेंडोलिनचा हा स्वभाव लगेच ध्यानात येईल. संगीतकार जोडीतले लक्ष्मीकांत कुडाळकर मुळात मेंडोलिनवादक होते. सज्जाद हुसेन यांनी तर याच तुटक बोलणाऱ्या वाद्यावर रागसंगीत वाजवून दाखवलं. दक्षिणेत यू. श्रीनिवास यांनी कर्नाटक संगीतासाठी मेंडोलिन घेतलं तेव्हा भरीव अंगाचं, विजेवर चालणारं, पाच एकेरी तारांचं घेतलं. तिथे हवा ढकलण्याचं काम ध्वनिवर्धक करतो. साध्या मेंडोलिनला मात्र तबलीखेरीज दुसरा आधार नाही.

या तबलीवर ओझं किती असतं? आठ तारांचा एकूण ताण साधारण ७५ किलोंच्या आसपास जातो. घोडीवरून तारा खाली वळताना १५ अंशांचा कोन होतो असं धरलं, तर घोडी तबलीला सुमारे २० किलोंनी खाली दाबते. तांदळाचं एक मध्यम पोतं दोन-तीन मिलिमीटर जाडीच्या पाटीवर दिवसरात्र ठेवल्यासारखं हे आहे. ते ओझं सोसायला पाटी ताठ हवी. तारेच्या इवल्याशा शक्तीने हलायला ती हलकी हवी. जाडी वाढवली तर ताठपणा येतो, पण वजनही येतं. लाकडाची सगळी निवड या ओढाताणीतून होते.

*

युरोपात या प्रश्नाचं उत्तर शतकानुशतकं एकाच झाडाने दिलं आहे: स्प्रूस. हा थंड प्रदेशातला सूचिपर्णी वृक्ष. व्हायोलिन, पियानो, गिटार, मेंडोलिन या सगळ्यांच्या तबल्या प्रामुख्याने त्याच्याच. इटलीच्या उत्तरेला फिएम्मे खोऱ्यात पानेवेज्जो नावाचं जंगल आहे. स्ट्रॅडिव्हारीने तिथूनच लाकूड नेलं अशी परंपरा सांगतात. ऑक्टोबर २०१८च्या अखेरीस ‘वाया’ नावाच्या वादळाने ईशान्य इटलीतली जंगलं झोपवली, त्यात हा भागही सापडला. दीड-दोनशे वर्षं सावकाश वाढलेली झाडं एका रात्रीत आडवी झाली.

अमेरिकेत अशीच गोष्ट वेगळ्या कारणाने घडली. तिथल्या वाद्यकारांचं आवडतं लाकूड म्हणजे पूर्वेकडचा तांबडा स्प्रूस. त्याची जुनी जंगलं विसाव्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंत एवढी तुटली की पुढे कारखाने पश्चिम किनाऱ्यावरच्या सिट्का स्प्रूसकडे वळले. सिट्का स्प्रूसला पहिल्या महायुद्धात आणखी एक गिऱ्हाईक मिळालं होतं: विमानं. तेव्हाच्या विमानाचा सांगाडा लाकडी असे, आणि वैमानिकाला हवं होतं तेच वाद्यकारालाही हवं होतं, कमीत कमी वजनात जास्तीत जास्त ताठपणा.

स्प्रूसमध्ये हे येतं कुठून? सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं तर हे लाकूड म्हणजे उभ्या पोकळ नळ्यांची मोळी दिसते. एकेक नळी सुमारे तीन मिलिमीटर लांब, आणि रुंदीला लांबीच्या शंभराव्या भागाएवढी. वसंतात झाड जोमाने वाढतं तेव्हा नळ्या पातळ भिंतींच्या, फिक्या. हंगाम सरत येतो तसा भिंती जाड, रंग गडद. फिकी आणि गडद मिळून एक वार्षिक वलय. या उभ्या नळ्यांना आडवं बांधणाऱ्या, गाभ्याकडून सालीकडे जाणाऱ्या बारीक पेशींच्या पट्ट्याही असतात. फळी नीट कापली असेल तर त्या रेशमासारख्या चमकतात. नळ्या पोकळ म्हणून लाकूड हलकं, आणि सगळ्या एका दिशेला म्हणून त्या दिशेने विलक्षण ताठ. लांबीच्या दिशेचा ताठपणा आडव्या दिशेच्या दहापट किंवा त्याहून अधिक भरतो.

हा फरक वाद्याच्या घडणीतही उतरला आहे. नेपल्सच्या विनाच्चिया घराण्याने अठराव्या शतकापासून पोटाला गोल, अर्ध्या भोपळ्यासारखी मेंडोलिनं केली. त्यांची तबली सपाट, पण घोडीच्या मागे गरम करून किंचित खाली वाकवलेली असते, म्हणजे तारांचा दाब त्या मोडीवर पेलला जातो. अमेरिकेत ऑर्विल गिब्सन याने १८९८ साली पेटंट घेतलं ते वेगळ्याच कल्पनेचं: जाड ठोकळ्यातून व्हायोलिनसारखी कमानदार तबली कोरून काढायची. १९२२मध्ये लॉइड लोअर याच्या देखरेखीखाली गिब्सन कंपनीने ‘एफ-५’ हे मॉडेल आणलं. त्यात गोल छिद्राऐवजी व्हायोलिनसारख्या दोन खाचा होत्या. आजचे कोरीव मेंडोलिन करणारे कारागीर अजून त्याच्याकडेच बोट दाखवतात. कमान दाब पेलते, म्हणून पाटी हलकी ठेवता येते. वडिलांचं मेंडोलिन मात्र साधं, सपाट तबलीचं, मधे गोल छिद्र असलेलं होतं.

त्या छिद्राची कड पॉलिश खरवडून भिंगाखाली धरली तेव्हा मला तीन थर दिसले. देवघराखालोखाल ज्याचं सोवळं, त्याची तबली प्लायवूडची होती.

*

हे मी घरी कुणाला सांगितलं नाही. मिरजेला गेलो. मिरजेत तंतुवाद्यांचं काम एकोणिसाव्या शतकापासून चालत आलं आहे. शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यांनी शस्त्रांचं काम संपल्यावर तंबोऱ्याकडे वळून ते उभं केलं. भोपळे पंढरपूर भागातून येतात. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. तिथल्या गल्लीत माझ्या ओळखीचे एक वयस्कर कारागीर आहेत. त्यांना सगळे चाचा म्हणतात.

चाचांनी मेंडोलिन उलटसुलट करून पाहिलं, तबलीवर बोटाने टकटक केलं आणि म्हणाले, “सर, प्लाय आहे.”

“माहीत आहे. लाकूड कुठलं घालू?”

“आमचं तून चालेल का म्हणून विचारताय? तून हलकं आहे, गोड आहे. पण आमचा तानपुरा धरून बोलतो. तुमची ही तार तोडून बोलते. हिला आणखी हलकं, आणखी कडक काहीतरी बघा.” मग जरा थांबून म्हणाले, “आणि घाई करू नका. आम्ही लाकूड आणलं की त्याला दोन पावसाळे दाखवतो. मगच हात लावतो.”

पहिला सल्ला मी ऐकला. दुसरा ऐकला नाही.

सांगलीच्या एका वखारीतून देवदाराची फळी आणली. वास सुंदर, रंग सुंदर, रेघा नागमोडी, अगदी जरीच्या पदरासारख्या. जुलैत शाळेच्या जुन्या विद्यार्थ्याकडून रंधून घेतली, जुनी तबली सोडवली आणि नवी चिकटवली. दिवाळीत तारा चढवल्या. आवाज बरा होता. फेब्रुवारीत कडेला केसाएवढी रेघ दिसली. मे महिन्यात त्या रेघेतून पोस्टकार्ड आत गेलं असतं.

त्या भेगेने मला जे शिकवलं ते पाठ्यपुस्तकात होतं, आणि मी मुलांना ते शिकवलंही होतं. लाकूड हवेतला ओलावा घेतं आणि सोडतं. हवेची आर्द्रता ८० टक्के असेल तर लाकडात त्याच्या कोरड्या वजनाच्या सुमारे १६ टक्के पाणी राहतं. आर्द्रता ४५ टक्के असेल तर साधारण ८ टक्के. ३० टक्क्यांवर आली तर ६. सांगलीचा जुलै आणि सांगलीचा मे यांच्यात हा १६ ते ६ असा फरक सहज पडतो. पाण्याच्या दर एक टक्क्यामागे स्प्रूससारखं लाकूड वलयांच्या आडव्या दिशेने, म्हणजे गाभ्याकडून सालीकडे, साधारण ०.१४ टक्के आखडतं. तबलीची रुंदी २५० मिलिमीटर धरा. दहा टक्के पाणी गेलं की ती साडेतीन मिलिमीटर आखडू बघते. पण कडा तर चारही बाजूंनी चिकटवलेल्या. जागा मिळाली नाही की ती फाटते.

माझ्या फळीचं प्रकरण याहून वाईट होतं. वलयांच्या परिघाच्या दिशेने लाकूड जवळजवळ दुप्पट आखडतं. ओंडका सरळ आडव्या कापांनी चिरला की मधल्या फळ्या सोडून बाकी फळ्यांच्या रुंदीत हीच दिशा येते, आणि फळीच्या अंगावर त्या नागमोडी रेघा उमटतात. मी ज्यावर भाळलो ती जरीची नक्षी म्हणजे चुकीच्या कापाची खूण होती. तबलीसाठी ओंडका कलिंगडाच्या फोडींसारखा गाभ्यापासून सालीकडे फोडतात. त्या फोडीच्या फळीवर नक्षी नसते. कंगव्याच्या दातांसारख्या सरळ, समांतर रेघा असतात आणि टोकाकडून पाहिलं तर वलयं पाटीला काटकोनात उभी दिसतात. अशी पाटी आखडते कमी, आणि आडवी ताठही जास्त असते. वलयं ४५ अंशांवर कलली तर स्प्रूसचा आडवा ताठपणा कमालीचा घटतो.

फोडतात, हा शब्दही महत्त्वाचा. करवत आपल्या मर्जीने सरळ जाते. कुऱ्हाड लाकडाच्या मर्जीने जाते. झाड वाढताना पिळत गेलं असेल तर करवतीने कापलेल्या फळीत नळ्या तिरप्या होऊन पृष्ठभागावर संपतात. अशी फळी ताठपणात मार खाते आणि रंधा मारताना एका बाजूने उचकटते. ओळखायची खूण सोपी आहे. एकाच फोडीच्या दोन पाट्या पुस्तकासारख्या उघडून शेजारी चिकटवल्या की उन्हात एक उजळ आणि दुसरी काळसर दिसते. वाद्य फिरवलं की उलट.

*

स्प्रूस भारतात नाही असं नाही. हिमाचलात त्याचा एक भाऊबंद आहे, त्याला तिकडे ‘राई’ म्हणतात. पण सांगलीच्या वखारीत फोडीने चिरलेली, मुरलेली राई मागणं म्हणजे वाण्याकडे केशराचं शेत मागण्यासारखं होतं. माझं लाकूड मला भलतीकडेच मिळालं. पुण्यात कॅम्पातल्या एका जुन्या घरातला उभा पियानो मोडीत निघाला होता. भंगारवाल्याला आतली ओतीव लोखंडी चौकट हवी होती. तिचं वजन भरपूर असतं. चौकटीमागे जी मोठी लाकडी पाटी होती ती बंबात जाणार होती. तीच पियानोची तबली! हमालीच्या पैशांत ती मी सांगलीला आणली.

पियानोची तबली एका सलग फळीची नसते. दहा-दहा सेंटिमीटर रुंदीच्या पट्ट्या कडेला कड चिकटवून ती करतात. माझ्या पाटीत कामाच्या अशा नऊ पट्ट्या निघाल्या, आठ मिलिमीटर जाडीच्या. कोरीव मेंडोलिनला एवढी जाडी पुरत नाही, पण सपाट तबलीला पुरून उरते. दोन पट्ट्यांना आधीच भेगा होत्या. याचा अर्थ बाकी सातांनी कित्येक पावसाळे पाहिले होते आणि त्या टिकल्या होत्या.

सातांतून चार निवडायच्या. इथे मला माझा विषय कामी आला. सगळ्या पट्ट्या ४०० मिलिमीटर लांब, १०० रुंद आणि ५ जाड अशा सारख्या मापाला रंधल्या. मग प्रत्येक पट्टी किराणा दुकानातल्या काट्यावर तोलली आणि वाजवली. वाजवण्याची एक रीत आहे. पट्टी टोकापासून लांबीच्या साधारण २२ टक्क्यांवर दोन बोटांत हलकेच धरायची आणि मधोमध बोटाच्या पेराने ठोकायची. त्या ठिकाणी पट्टी हलत नाही, म्हणून धरल्याने आवाज मरत नाही. मापं सारखी असली की सुराची उंची फक्त एका गोष्टीवर ठरते: लाकडात ध्वनी लांबीच्या दिशेने किती वेगाने धावतो.

सगळ्यात चांगली पट्टी ८४ ग्रॅम भरली आणि तिचा सूर सेकंदाला १६४ कंपनांचा निघाला. हिशोब केला तर ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ५,१०० मीटर येतो, हवेतल्या वेगाच्या जवळपास पंधरापट. सगळ्यात वाईट पट्टी ९८ ग्रॅमची, सूर १४७. त्याच मापाची सागवानाची पट्टी करून पाहिली: १३१ ग्रॅम, सूर १३८. संगीताच्या भाषेत, वाईट पट्टी आणि चांगली पट्टी यांत सा आणि रे यांच्याएवढं अंतर होतं. सागवान आणि चांगली पट्टी यांत सा आणि कोमल गंधार यांच्याएवढं.

सूर उंच म्हणून पट्टी चांगली, एवढंच म्हणून भागत नाही. वजनही पाहावं लागतं. ध्वनीच्या वेगाला घनतेने भागलं की तबली म्हणून लाकूड किती मोकळं बोलेल याचा एक अंदाज मिळतो. चांगल्या स्प्रूसला मला १२च्या थोडं वर आकडा मिळाला, वाईटाला ९च्या थोडं वर, सागवानाला साडेसहा. सागवान दाराला, पलंगाला आणि झोपाळ्याला उत्तम. तो पाऊस सोसतो, वाळवी सोसतो. पण त्याची तबली केली तर तारेची निम्मी मेहनत लाकूड हलवण्यातच जाईल.

रेघांच्या दाटपणाबद्दल मात्र सांभाळून बोलायला हवं. इंचात जितक्या जास्त रेघा तितकं लाकूड चांगलं, असं सर्रास सांगतात. माझ्या सात पट्ट्यांतली सर्वांत दाट रेघांची पट्टी वजनदार निघाली, कारण गडद, जाड भिंतींचा वाटा तीत अधिक होता. रेघांची संख्या डोळ्याला दिसते, म्हणून तिच्यावर विश्वास बसतो. कानाचीही तीच गत आहे. क्लॉदिया फ्रिट्झ आणि सहकाऱ्यांचा २०१२ साली प्रसिद्ध झालेला प्रयोग गाजला होता. निष्णात व्हायोलिनवादकांना डोळ्यांवर पडदा येईल अशी व्यवस्था करून जुनी इटालियन आणि नवी व्हायोलिनं वाजवायला दिली. जुनं कुठलं, नवं कुठलं हे त्यांना खात्रीने ओळखता आलं नाही, आणि सर्वाधिक पसंती मिळाली ती एका नव्या वाद्याला. काटा आणि टकटक यांच्यावर माझा भरवसा बसला तो यामुळेच.

लाकूड कधी तोडावं याच्याही समजुती आहेत. आल्प्समध्ये हिवाळ्यात, उतरत्या चंद्रात झाड तोडावं म्हणतात. आपल्याकडे बांबू अमावस्येच्या सुमाराला तोडावा म्हणतात. चंद्राचं मला सांगता येणार नाही. हिवाळ्याचं कारण उघड आहे. बुरशी आणि कीड मंदावलेली असते, आणि ओंडका हळूहळू वाळतो. हळू वाळलेलं लाकूड आतबाहेर सारखं आखडतं. घाईने वाळवलेलं बाहेरून आखडतं, आतून नाही, आणि तडकतं. चाचांचे दोन पावसाळे याच हिशोबाचे आहेत.

*

तयारीला मी दसऱ्यानंतर बसलो. चार पट्ट्या अशा लावल्या की सर्वांत ताठ दोन मधे, घोडीखाली याव्यात, आणि हलक्या दोन कडेला. कडा जुळवणं हे या कामातलं सगळ्यात चिकाटीचं काम. लांब रंध्याने दोन्ही कडा एकत्र धरून रंधायच्या, मग एकमेकींवर उभ्या ठेवून मागे दिवा धरायचा. फटीतून उजेडाचा धागा दिसला की पुन्हा रंधा. पहिल्या जोडाला मला तीन संध्याकाळी लागल्या, शेवटच्याला चाळीस मिनिटं.

चिकटवायला जुना सरस वापरला, जनावरांच्या चामड्या-हाडांपासून करतात तो. भांड्यात भांडं ठेवून साधारण ६० अंशांवर तो पातळ राखायचा. उकळला की त्याची ताकद जाते. बाजारातला पांढरा गोंद सोयीचा असतो, पण सतत ताणाखाली तो वर्षानुवर्षं कणाकणाने सरकतो. सरस सरकत नाही, आणि पुढे कधी दुरुस्ती करायची झाली तर ओलाव्याने आणि उष्णतेने तो सोडवता येतो. पन्नास वर्षांनी कुणीतरी हे मेंडोलिन उघडेल, त्याची सोय आजच करून ठेवायची असते.

मग जाडी. पाटीचा ताठपणा जाडीच्या घनाच्या प्रमाणात बदलतो. ३ मिलिमीटरची पाटी २.७ केली, म्हणजे जेमतेम दहावा हिस्सा काढला, तर ताठपणा २७ टक्क्यांनी जातो. म्हणून शेवटच्या अर्ध्या मिलिमीटरला मी रंधा बाजूला ठेवला आणि पोलादी खरवडणीने काम केलं. अधूनमधून पाटी फोमच्या तुकड्यांवर ठेवून तीवर चहाची पूड भुरभुरवायची आणि खालून छोट्या ध्वनिवर्धकाने सूर सोडायचा. पाटी जिथे हलत नाही तिथे पूड गोळा होते आणि आकृती उमटते. एर्न्स्ट क्लाडनी याने १७८७ साली वाळूने हे करून दाखवलं. वाळू पाटीला ओरखडे काढते, चहा काढत नाही. आकृती दोन्ही बाजूंना सारखी दिसेपर्यंत जाड बाजू खरवडत गेलो आणि २.८ मिलिमीटरवर थांबलो. आतून दोन आडपट्ट्या चिकटवल्या, त्यांची चिकटणारी कड किंचित कमानदार रंधून, म्हणजे तबलीला मधोमध दीड-दोन मिलिमीटरचा उठाव मिळेल. कोरड्या दिवसांत आखडायला हा उठाव कामी येतो: तबली फाटण्याऐवजी थोडी बसते.

राहिला मुहूर्त. आर्द्रतामापक आणून वर्षभर नोंदी केल्या होत्या. जुलैत चिकटवली तर मे महिन्यात फाटते, हे पोस्टकार्डाने सांगितलं होतं. मेमध्ये चिकटवली तर पावसात फुगून घोडी वर उचलेल. युरोप-अमेरिकेतले वाद्यकार कार्यशाळेची हवा बारा महिने ४५ ते ५० टक्क्यांवर ठेवतात. माझ्याकडे एक लाकडी पेटी आणि चाळीस वॉटचा बल्ब होता. दिवाळीनंतर आमच्याकडची हवा आपसूकच त्या आकड्याजवळ येते. पेटीत तबली तीन आठवडे ठेवली, रोज तोलली. सलग सहा दिवस वजन बदललं नाही, तेव्हा चिकटवली.

*

तारा चढवल्यावर आवाज दणकट निघाला. नखी लावताच स्वर उसळून येत होता. शेजारचा मुलगा कोण वाजवतंय म्हणून बघायला आला.

आई शहाऐंशीची आहे. तिला खुर्चीत बसवून मी दोन गाणी वाजवली. मला वाजवता येतं असं नाही, पण ओळखू येतील इतपत. तिने पूर्ण ऐकलं.

“छान झालंय,” ती म्हणाली. “पण यांच्याचा असा आवाज नव्हता रे. बारीक होता. आत कुणी झोपलं असेल तर उठायचं नाही. रात्री कारखान्यातून आले की वाजवायचे ना.”

मग मी तिला प्लायवूडचं सांगितलं. तिला त्याचं काही वाटलं नाही. “मग काय झालं,” एवढंच म्हणाली.

त्यानंतर मी त्या जुन्या तबलीकडे पुन्हा पाहिलं. आडवा थर असल्यामुळे प्लायवूड लांबीला कमी ताठ, म्हणून त्याच ताकदीसाठी जाड, म्हणून आवाज दबलेला. मोजमापाने ती माझ्या निवडीत पहिल्या फेरीतच बाद झाली असती. पण त्याच आडव्या थरामुळे ती आखडत-फुगत नाही. पन्नास पावसाळे आणि पन्नास उन्हाळे ती ऑर्केस्ट्राच्या टेम्पोतून फिरली आणि एकदाही फाटली नाही. ती खचली ती शेवटच्या वर्षांत. वडिलांच्या बोटांनी साथ सोडल्यावर तारा चढलेल्याच पेटीत राहिल्या, आणि ते २० किलोंचं ओझं उतरवायला कुणी आलं नाही. माणूस वाजवायचा थांबला तर तारा उतरवून ठेवाव्यात, एवढं कुणी आम्हाला सांगितलं असतं तर ती आजही तशीच असती.

नव्या तबलीने आता दोन पावसाळे पाहिले आहेत. पहिल्या पावसात घोडीजवळ ती पाऊण मिलिमीटर वर आली, उन्हाळ्यात तेवढीच खाली गेली. भेग नाही. जुनी तबली मी टाकली नाही. वाकलेली पाटी ओलसर करून, वजनाखाली सपाट करून, आतून एक जादा आडपट्टी लावून ठेवली आहे. चाचांकडे एक मोडकं मेंडोलिन येऊन पडलंय, त्याचं पोट धड आहे, तबली फुटलेली. मापं जवळपास जुळतात. आर्द्रतामापक आज ५२ दाखवतो आहे. आणखी आठवडाभराने सरस भिजत घालीन.